पिवळी लाव्हरी, निळं अंडं

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड होती. एरवी तिच्यात सिमेंटची पोती पडलेली असायची, पण त्या दुष्काळी उन्हाळ्यात गुरुवारी आणि रविवारी तिथे मुंगीलाही शिरायला वाव नसे. गंगापूरकडून जीपगाड्या भरून यायच्या, शहरातून रिक्षा यायच्या, आणि प्रत्येक गाडीत पिवळ्या डोळ्यांचं एक तरी माणूस असायचं. विहिरी कधीच्या आटल्या होत्या. टँकर कुठलं पाणी भरून आणतो हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारणाऱ्याची घागर शेवटी भरायची. मिळेल ते पाणी लोक पीत होते आणि घरोघर कावीळ पसरत होती. अशा वेळी देव येवो न येवो, त्याचा दलाल हमखास येतो. या दलालाचं नाव मोतीरामबाबा.

बाबाच्या पुढ्यात एक उंच चौरंग, त्याला जमिनीपर्यंत हिरव्या कापडाची झालर. पिंजऱ्यातून तो एक तपकिरी लाव्हरी, तितरासारखंच पण लहान पाखरू, काढायचा, तोंड मुठीत झाकून सगळ्यांना दाखवायचा आणि चौरंगावर ठेवायचा. तिच्यावर टोपली, टोपलीवर रोग्याचा हात, हातावर हिरवं फडकं. मग हलगी कडाडायची.

"घे पाखरा, घे. हाडातलं घे, रक्तातलं घे, डोळ्यातलं पिवळं घे. डोळं मिटा समद्यांनी. देवाच्या पाखराचं तोंड बघंल त्याची नजर जाईल, मंग माझ्या नावानं बोंबलू नका."

फडकं उचललं की टोपलीखाली हळदीसारखी पिवळीधमक लाव्हरी. रोग्याची कावीळ पाखरानं ओढून घेतली. माणसं जागच्या जागी लोटांगण घालायची.

पण बाबाचं दुकान एवढ्यावर बंद होत नव्हतं. ती पिवळी लाव्हरी रोग्याच्या नावानं वेगळ्या पिंजऱ्यात जायची. तिनं ठिपक्यांचं अंडं घातलं तर कावीळ बाकी आहे, पुन्हा या, पुन्हा दक्षिणा ठेवा. निळं अंडं घातलं की कावीळ संपली. आणि सगळ्यात वाईट अट शेवटी: "निळं अंडं पडेस्तोवर डॉक्टरची सुई टोचून घेतली, तर कावीळ पोटात उतरती. मंग देवबी हात टेकतो."

बरीच माणसं बरी होत हेही खरं. पाण्यातून झालेली कावीळ बहुतेकांची विश्रांती घेतल्यावर आपली आपण उतरते. पण कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, असं एकदा मानलं की माणूस कोंबड्यालाच हार घालतो.

त्या गुरुवारी गर्दीत शैला उभी होती. शहरातल्या छावणी भागाजवळच्या आपल्या घरातून ती रोज एसटीनं शेंद्र्याच्या शाळेत येई, विज्ञान शिकवी. बाबाचं नाव ऐकून ती इतके दिवस नाक मुरडून पुढे जात होती. आज आली, कारण चौरंगापुढे सुकेशनी बसली होती. चार वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसून शंका विचारणारी, शैलाची लाडकी विद्यार्थिनी. आता सातवा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून आलेली, आणि डोळे पिवळेजर्द.

बाकीच्यांची कावीळ आपली आपण उतरते, गर्भारशीच्या मात्र ती जिवावर बेतते, हे शैलाला ठाऊक होतं. डोळे मिटायला सांगितल्यावर तिनं मिटले नाहीत. बाबानं वर धरलेल्या तपकिरी पाखराची छाती तिनं नीट पाहून ठेवली: विटकरी, एकरंगी, ठिपका नसलेली.

विधी आटोपल्यावर तिनं सुकेशनीच्या आईला, पुतळाबाईला, बाजूला घेतलं.

"पुतळाबाई, हिला आत्ताच्या आत्ता घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेऊ या. मी बरोबर येते."

"मॅडम, सुई लागली तर पोटात उतरतं म्हनले बाबा. पोटात लेकरू हाय तिच्या."

"हे सगळं थोतांड आहे. इतकी साधी गोष्ट तुम्हाला कळत नाही?"

पुतळाबाईनं पदर डोक्यावर ओढला. "नाय कळत आम्हाला. आम्ही मेंढरामागं हिंडनारी मान्सं. पर लेक माझी हाय," म्हणाली आणि मुलीला घेऊन चालू लागली.

आपल्या तोंडून काय गेलं ते शैलाला उशिरा कळलं. वर्गात पोरांना दटावावं तसं तिनं एका आईला दटावलं होतं, आणि दार आतून बंद झालं होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा, मधुसूदन, गच्चीवर पाखरांना दाणे टाकत होता. निवृत्तीनंतर त्याला हे एकच वेड लागलं होतं. जपानी बटेर पाळायच्या, म्हणजे गावाकडच्या लाव्हरीची पाळीव बहीणच, आणि जोड्या लावून लावून नव्या रंगाची पिसं आणि निराळ्या रंगाची अंडी मिळवायची. तपकिरी, पांढऱ्या, पिवळ्या पाखरांचे वेगवेगळे खण होते. निळं अंडं पहिल्यांदा मिळालं तेव्हा त्यानं गल्लीत पेढे वाटले होते, आणि लोकांनी ते नातू झाल्याचे समजून खाल्ले होते.

शैलानं सगळं सांगितलं. तो हसत हसत ऐकत होता. गोष्ट विटकरी छातीपर्यंत आली आणि हसू थांबलं.

"ठिपके नव्हते? मग तो नर. मादीच्या छातीवर ठिपके असतात."

"आणि टोपलीखालून निघालेली ती पिवळी लाव्हरी तर अंडी घालते म्हणे."

"म्हणजे दोन पाखरं आहेत. पिसांचा रंग अंड्यातच ठरतो गं, टोपलीखाली तो बदलत नाही. निळ्या अंड्याचंही तेच. तो गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, आणि निळं घालणारी मादी जन्मभर निळंच घालते. कुणाला कधी कुठल्या मादीचं अंडं दाखवायचं, एवढंच तो ठरवतो." तो मध्येच थांबला. "बाबाचं नाव काय म्हणालीस?"

"मोतीराम."

मधुसूदननं दाण्याचं भांडं खाली ठेवलं. दिवाळीच्या सुमारास मोतीराम नावाचा एक गोडबोल्या माणूस आला होता. पाखरांचं तोंडभर कौतुक करून त्यानं पिवळ्या माद्या, निळ्या अंड्यांच्या माद्या आणि वर फुकटात तपकिरी नर नेले होते. कौतुकाला भुललेल्या मधुसूदननं कशासाठी हवेत एवढंही विचारलं नव्हतं.

"मी फक्त पाखरं विकली," तो म्हणाला.

शैलानं ते भांडं उचलून उरलेले दाणे पाखरांना टाकले. त्यानंच विचारलं, "मग तो नर जातो कुठे?"

"तेच तर दिसलं नाही. आणि हलगी एवढी बडवतात की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही."

"हलगी," मधुसूदन म्हणाला, "देवासाठी नाही ती."

शनिवारी शाळा सुटल्यावर शैला सुकेशनीच्या घरी गेली. ज्या माळावर तिचा बाप, आप्पा, मेंढरं चारायचा तिथे आता कारखान्यांच्या भिंती होत्या. चारा नाही, पाणी नाही; निम्मा कळप विकून तो तिथेच मातीकामाला जाई. सुकेशनी भर दुपारी झोपली होती. हाक मारल्यावर तिनं डोळे उघडले आणि शैलाला "आत्या" म्हणाली.

"आप्पा, तिला माणसं ओळखू येत नाहीत. हा विषार मेंदूत चढतोय. आता बाबा नको, माझ्याशी भांडणही नको, फक्त गाडी बोलवू द्या."

आप्पा दारात उभा होता. धिप्पाड माणूस, पण खांदे पडलेले. "उद्याच्याला अंडं दाखवनार हायेत बाबा. निळं पडलं तर मीच नेतो बघा दवाखान्यात, तुमच्या समाधानाला."

"आणि नाही पडलं तर?"

"तर सुई कशी टोचू देऊ, मॅडम? लेकरू जाईल म्हनले."

प्रेम कमी नव्हतं त्या घरात. प्रेमाच्याच दोरीनं त्यांना बांधून घातलं होतं.

रविवारी सुकेशनीला रिक्षातून आणून चौरंगापुढे आडवं केलं. अंडं ठिपक्यांचं निघालं होतं, म्हणून दुसरी बैठक. गर्दीत शैलाशेजारी मधुसूदन उभा होता, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत त्याचा एक नर होता, आदल्या दिवसापासून माद्यांपासून दूर ठेवलेला. बटेराचा नर एकटा पडला की गप्प बसत नाही, आणि दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की त्याला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. गावातल्या पुढाऱ्यांसारखंच ते.

तपकिरी पाखरू वर धरलं गेलं. विटकरी छाती. टोपली, सुकेशनीचा निर्जीव हात, फडकं, हलगी. मधुसूदननं पिशवीचं तोंड सैल केलं. पाखरू ओरडलं असेलही, पण हलगीपुढे कोण ऐकणार? फडकं उचललं, पिवळी लाव्हरी निघाली, लोकांनी हात जोडले. बाबानं हलगीवाल्याला खूण केली आणि हलगी आणखी जोरात सुरू झाली. शैलानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात सुकेशनीचे ओठ हलले.

आप्पा पुढे झाला. लेक काहीतरी बोलत होती आणि त्याला ते ऐकायचं होतं. त्यानं हलगीवाल्याचं मनगट धरलं. "थांब जरा. पोर काय म्हनतीया ऐकू दे."

हलगी थांबली. शेडमध्ये शांतता पसरली. सुकेशनी काय पुटपुटली ते कुणालाच कळलं नाही, पण त्या शांततेत मधुसूदनच्या पिशवीतून एक खरखरीत आरोळी आली. आणि लगेच चौरंगाच्या पोटातून तिला उत्तर आलं.

"देव बोलला," बाबा घाईनं म्हणाला. "वाजीव रे."

पण आप्पानं मनगट सोडलं नव्हतं. पिशवीतला नर पुन्हा ओरडला. चौरंगातलं पाखरूही पुन्हा ओरडलं, या वेळी जास्त चिडून. आप्पानं एका हातानं झालर वर केली आणि चौरंग उलटा केला. खाली लाकडी कप्पा, वर टोपलीच्या जागी चोरझडप. कप्प्यातून विटकरी छातीचं पाखरू फडफडत बाहेर पडलं. आप्पानं ते अलगद पकडलं, बाबाजवळचं पिवळं दुसऱ्या हातात घेतलं, आणि दोघांच्या तोंडांकडे बघत राहिला.

"हा नर हाय," तो म्हणाला. "ही मादी हाय."

"कावीळ वढून घेतली की नराची मादी होती," बाबा म्हणाला. "लई अवघड विद्या हाय ती."

मागे कुणीतरी हसलं. आप्पा हसला नाही.

"शंभर मेंढरांतलं माझं मेंढरू मी तोंडावरून वळखतो," तो म्हणाला. "अंधारात वळखतो. पाखराचं तोंड बघू नका म्हनला, म्हनून लेकीसाठी डोळं मिटलं मी." मग तो पुतळाबाईकडे वळला. "पांढऱ्या मेंढीला काळं कोकरू व्हतं, ते रक्तातनं येतं. मंतरानं मेंढरू काळं झाल्यालं कधी बघितलंस का गं?"

पुतळाबाई उत्तर द्यायला थांबली नाही. तिनं मुलीच्या मानेखाली हात घातला होता. "मॅडम," म्हणाली, "गाडी."

मधुसूदन गर्दीपुढे जाऊन सांगू लागला, की ही पाखरं त्याच्याच गच्चीवरची आहेत, निळी अंडीही तिथलीच, आणि विकताना त्यानं एक शब्द विचारला नाही ही चूक त्याची आहे. पुढचं शैलानं ऐकलं नाही. तोवर गंगापूरकडून आलेल्या एका जीपमध्ये सुकेशनीला घालून ती घाटीच्या रस्त्याला लागली होती.

सुकेशनी वाचली. बाळ वाचलं नाही. थोडं आधी आणलं असतं तर वाचलंच असतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. आशा होती, एवढंच म्हणाले. मोतीरामला पोलिसांनी नेलं.

महिन्याभरानं पुतळाबाई शैलाच्या घरी आली. घाटीत मुलीला तपासायला आणलं होतं, तिला आप्पाजवळ बसवून तिथूनच वाट वाकडी केली. चहा होतो न होतो तोच दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. कडेवर पिवळ्या डोळ्यांचा मुलगा.

"त्यो मोतीराम लबाड निघाला म्हनं," तो म्हणाला. "खरी पाखरं तुमच्याकडंच हायती. एक निळं अंडं द्या, मॅडम."

मधुसूदन डोकं धरून बसला. शिकवायचं कसं, हे शैलाला त्या घडीला सुचेना.

पुतळाबाईनं मात्र हातातला कप खाली ठेवला. ओट्यावरच्या टोपलीतलं एक ठिपक्यांचं अंडं घेतलं, एक निळं घेतलं, दोन्ही एकाच वाटीत फोडली आणि वाटी त्या माणसापुढे धरली.

"बघ. ह्यातलं निळ्याचं कोन्तं, ते वळख."

तो बघत राहिला. वाटीत दोन सारखे पिवळे बलक होते.

"नाय वळखत ना? रंग वरच्या टरफलाचा, बाबा. आत समदं सारखंच. मलाबी कुनी फोडून दाखवलं नाय, म्या बी विचारलं नाय. नातू गेला माझा त्यापायी. डोळं मिटा म्हननारा भेटला की आधी डोळं उघडायचं, एवढं ध्यानात ठेव. पानी उकळून पाजत जा पोरांना." तिनं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदर खोचला. "चल, ऊठ. घाटीची वाट मला आता पाठ झाली हाय."