सीमध्ये जागा नाही

बाईंनी माइकसमोर धडा एका दमात वाचून संपवला, सेव्हवर क्लिक केलं आणि संगणकाने हात वर केले. सी ड्राइव्ह भरला होता. दृष्टिहीन मुलांच्या शाळेला आज संध्याकाळपर्यंत ध्वनिमुद्रण पोचलं नाही, तर पोरं उद्या तो धडा न ऐकताच परीक्षेला बसणार होती.

दिराला फोन लावला, तर त्याने आपला रामबाण उपाय सांगितला. "वहिनी, फॉरमॅट मारून टाका!"

"पसारा झाला म्हणून कोणी घर पाडतं का?" बाईंनी फोन ठेवला आणि कंबर कसली.

डी ड्राइव्ह रिकामा लोळत पडला होता, पण सॉफ्टवेअर हट्टाने आधी सीमध्येच जागा मागत होतं. बाईंनी टेम्पररी फाइली उडवल्या, नको ते प्रोग्राम काढले. जागा झाली चिमूटभर. मग सगळ्यात जड फोल्डर शोधला, तर तो निघाला डेस्कटॉपवर, म्हणजे सीमध्येच. नाव होतं 'सुटे भाग'.

हे यजमानांचं काम. हाडाचे घड्याळजी, मोडका काटासुद्धा कधी फेकला नाही. घड्याळांचे फोटो असतील म्हणून बाईंचं बोट डिलीटवर गेलं, पण बघून घ्यावं म्हणून त्यांनी एक फाइल उघडली.

"अहो, जेवून घ्या, मला उशीर होईल," त्यांचाच आवाज आला. दुसऱ्या फाइलमध्ये त्या एका शब्दाला अडखळून खळखळून हसत होत्या. वाचताना चुकलेली, त्यांनी टाकून दिलेली सगळी ध्वनिमुद्रणं तिथे होती.

"रिसायकल बिनमधून उचललीत ही?" आवाज ऐकून दारात आलेल्या यजमानांना बाईंनी विचारलं.

"हो," घड्याळजी दारातूनच म्हणाले. "तू दिवसभर दार लावून मुलांशी बोलतेस. माझ्या वाट्याचं बोलणं तेवढ्यातच असतं."

बाईंना भरून आलं, आणि रागही आला. "मग दार ठोठावायचं ना!"

"मुलांचा धडा बिघडला असता."

बाईंनी डोळे पुसले, पण हात थांबवला नाही. एकही फाइल न उडवता अख्खा फोल्डर डीमध्ये हलवला. हिरवी पट्टी रखडत पुढे सरकली. पुन्हा सेव्ह केलं आणि या वेळी मशीनने मुकाट्याने ऐकलं. अंधार पडायच्या आत धडा शाळेत पोचला.

मग त्यांनी माइक बंद केला आणि शेजारची खुर्ची ओढली. "बसा इथे. आता चुकायची वाट बघायची नाही. रोज समोरासमोर बोलायचं."

घड्याळजी बसले. मग हळूच म्हणाले, "पण ते सुटे भाग काढू नकोस हं."