बारमाही टायर

चार टायर निवडायला सुनेत्राला तीन आठवडे लागले. नवरा निवडायला वीस मिनिटं पुरली होती, आणि ती वीस मिनिटंही तिच्या वडिलांची होती. हे दीनानाथ स्वतःच सांगायचा. ऑफिसातून आला की किचन टेबलावरची तिची वही उघडून बघायचा आणि म्हणायचा, "माझी एवढी चौकशी केली असतीस तर आज तू नॉटिंगहॅममध्ये नसतीस."

वहीत रकाने आखलेले होते. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला किती अंतर, बर्फात किती, आवाज किती, किती मैल टिकतो. साध्या टायरचं रबर सात डिग्रीच्या खाली गेलं की शिळ्या भाकरीसारखं कडक होतं, हे तिला या वयात कळलं होतं. खास हिवाळी टायर थंडीत मऊ राहतो, पण जूनमध्ये झिजतो, आणि मग दोन-दोन संच ठेवायचे कुठे? शेडमध्ये आधीच सायकल आणि गणपतीचं मखर होतं. म्हणून मधला मार्ग, ऑल-सीझन. दीनानाथ त्यांना बारमाही म्हणायचा. त्यातही चिखल-बर्फाच्या नुसत्या 'एम' आणि 'एस' अक्षरांवर भुलायचं नाही, ती अक्षरं कंपनी आपली आपण छापते. डोंगराच्या तीन शिखरांत बर्फाची चांदणी अशी खूण असेल तरच तो टायर बर्फात तपासलेला. हे ती इतकं जीव तोडून सांगायची, की ऐकणारा घरी जाऊन मुकाट्यानं आपल्या गाडीपाशी वाकायचा.

एवढ्या खटाटोपाला कारण होतं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणाऱ्या एका संस्थेत सुनेत्रा काम करायची. दोन वर्षं तिच्याकडे मॅटलॉकच्या वरच्या अंगाला असलेल्या तीन खेड्यांची फेरी होती, पण तात्पुरती, तीन-तीन महिने वाढवून मिळणारी. आता डिसेंबरपासून ती कायमची एकाच्या नावावर करायची होती. मॅनेजर पॉलीननं अट घातली होती, की ज्याला फेरी हवी त्यानं सोमवारपर्यंत खूण असलेले टायर बसवून पावती दाखवायची.

सुनेत्राला ती फेरी हवी होती. शहरातल्या फेरीत पगार तेवढाच होता आणि पार्किंगही बरं होतं. पण वर विल्फ होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. मे महिन्यात तो खुर्चीतून उठत नव्हता. आता फाटकापर्यंत चालत यायचा आणि तिथं उभा राहून तिच्या गाडी लावण्याला नावं ठेवायचा. आपली वाट बघत कुणीतरी फाटकात उभं असतं, याची एकोणपन्नासाव्या वर्षी तिला सवय लागली होती, आणि ती सवय तिला सोडायची नव्हती.

टायरांच्या या सगळ्या खलबतात तिच्या जोडीला वरदा असायची. वरदा नाशिकची, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. अडीच वर्षांपूर्वी ती नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनला राहायला आली तेव्हा तिला इथली थंडी माहीत नव्हती, कचऱ्याचा बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा ते माहीत नव्हतं, आणि स्कूटीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. संस्थेत तिचं नाव सुचवलं सुनेत्रानं. रविवारी सकाळी सुपरमार्केटच्या मोकळ्या पार्किंगमध्ये तिला गाडी शिकवली सुनेत्रानं, स्वतःच्या क्लचची आहुती देऊन. लायसन्स मिळालं तेव्हा गाडीही आपल्यासारखीच घ्यायला लावली, तीच कंपनी, तेच मॉडेल, म्हणजे हात बसलेला राहील. रविवारचे पोहे अजून चालूच होते. पोहे खाता खाता वरदा वही वाचायची, शंका विचारायची, आणि मागच्या रविवारी तर तिनं शेवटच्या पानाचा फोटोही काढून घेतला होता. सुनेत्राला बरं वाटलं. स्वतःच्या घरात तर त्या वहीची फक्त थट्टाच व्हायची.

एक गोष्ट दोघींतच होती. गेल्या जानेवारीत, वरदा काम बघायला तिच्याबरोबर येत असे तेव्हा, विल्फच्या घराखालच्या उतारावर सुनेत्राची गाडी घसरली होती. ब्रेक दाबला तरी ती आपल्याच मनानं आडवी झाली आणि दगडी कुंपणाला हलकेच टेकून थांबली. कुणाला काही झालं नाही. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरनं ओढून दिली. मग दोघी फ्लास्कमधला चहा पीत हसत बसल्या होत्या, आणि सुनेत्रा म्हणाली होती, ऑफिसात बोलू नकोस गं, पॉलीन मला शहरात टाकेल. नियमाप्रमाणे कळवायला हवं होतं. तिनं कळवलं नाही. टायरांची वही खरं तर त्या दिवशीच मनात सुरू झाली होती.

बुधवारी सुनेत्रानं शशीभाईंना फोन करून सांगितलं, तो चौथ्या नंबरचा संच ठेवा, शनिवारी येते. शशीभाईंचं टायरचं दुकान तीस वर्षांचं होतं. त्यांच्याकडे ॲडव्हान्स वगैरे द्यायची पद्धत नव्हती, बोललं की झालं. थंडी अचानक वाढली होती, सगळ्या शहराला एकदमच टायर आठवले होते. शनिवारी ती गेली तेव्हा शशीभाई चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे बघतच राहिले.

"बेन, वो तो गुरुवार को गया. आपकी सिस्टर ले गई ना?"

फोटो दाखवला होता म्हणे तिनं, वहीच्या पानाचा. गाडी तीच, साइज तोच, अक्षरही सुनेत्राबेनचंच. शशीभाईंना वाटलं एकाच घरातलं आहे. त्यांनी लगेच बसवूनही दिले. या साइजमध्ये तो शेवटचा संच होता, पुढचा माल दहा दिवसांनी.

सुनेत्रा हसली. हो हो, मीच सांगितलं होतं तिला, असं म्हणालीही. आणि म्हणता म्हणता तिनं मनातल्या मनात वरदाची बाजू मांडायला सुरुवात केली. नवी ड्रायव्हर आहे, घाबरली असेल. गडबडीत सांगायचं राहिलं असेल. आपण नाही का, घाई असली की दीनानाथचा चार्जर उचलून नेत. बाजू बऱ्यापैकी उभी राहत आली होती, तेवढ्यात शशीभाई म्हणाले, की तिनं पावतीवर तारीख ठळक घालून मागितली, टायरवरच्या खुणेचा फोटोही काढला, ऑफिसात सोमवारपर्यंत दाखवायचं आहे म्हणाली.

वरदाची फेरी शहरातली होती, आणि शहरातल्या फेरीला कुणी खुणेचा फोटो मागत नाही.

वरदाच्या दारात तिची गाडी उभी होती. नव्या टायरांवर रबराचे बारीक केसही अजून तसेच होते. वरदानं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि चहा टाकू का असं विचारलं नाही. त्यावरूनच सुनेत्राला सगळं कळलं. बाकीचं नुसतं ऐकायचं राहिलं होतं.

वरदानं लपवलं नाही, हेही खरं. अर्ज ऑक्टोबरमध्येच दिला होता. मार्चमध्ये तिचा व्हिसा संपत होता, हातात कायमची जागा असली तर पुढचं सोपं होतं. तुझं इथलं सगळं कायमचं झालंय ताई, तुला काय, असंही ती म्हणाली. हे तिनं पोहे खाताना मागितलं असतं तर आपण दिलं असतं का, ते सुनेत्राला खरोखर माहीत नव्हतं. पण ते कळून घ्यायची संधीही वरदानं स्वतःपाशीच ठेवली होती.

"आणि पॉलीनला काय सांगितलंस?"

वरदा खाली बघत म्हणाली, "तिनं विचारलं, गेल्या हिवाळ्यात वर काही झालं होतं का. मी सांगितलं."

"मी तुला सांगितलं होतं—"

"तू मला खोटं बोलायला सांगितलं होतंस, ताई."

घसरली होती तेव्हा गाडी निदान कुंपणाला टेकली तरी होती; इथं टेकायला काहीच नव्हतं. सुनेत्रानं एवढंच विचारलं, की कधी सांगितलंस.

"दिवाळीच्या आधल्या गुरुवारी."

म्हणजे फराळाला आली तेव्हा सांगून झालं होतं. भाऊबीजेला दीनानाथला ओवाळलं तेव्हाही. नंतरचे सगळे रविवार, ओल्या रस्त्यावरचा ब्रेक, आवाज, मैल, 'ताई, तीन नंबरचा का नको गं?' मिळणारच नसलेल्या फेरीसाठी सुनेत्रा टायर निवडत होती, आणि समोर बसून वरदा तिला नीट निवडायला लावत होती. सांगितलं त्याचं दुःख सुनेत्रानं एक वेळ गिळलं असतं. पण ते प्रश्न फार चांगले होते. इतके चांगले प्रश्न तिला आजवर कुणी विचारले नव्हते.

घरी आल्यावर तिनं दीनानाथला सांगितलं. तो वरदाला चार शब्द बोलायला निघालाच होता. तिनं त्याला बसवलं. मग त्यानं न सांगता चहा केला, जास्त साखरेचा, आणि वहीबद्दल काहीच बोलला नाही. तेव्हा कुठे तिला रडू आलं.

सोमवारी पॉलीननं तिला आत बोलावलं. बाई सरळ होती. म्हणाली, घसरण्याचं मला काही वाटलं नाही, इथं जन्मलेलेही घसरतात. तू येऊन सांगितलं असतंस तर फेरी तुझीच होती. हे ऐकायला लागू नये म्हणून सुनेत्रानं पुन्हा एकदा कुंपण गाठलं असतं. मग पॉलीननं समोरचा कागद सरळ केला, पेन उघडलं आणि विचारलं, "वरदाला गाडी तूच शिकवलीस ना? सही करायच्या आधी एकदा विचारते. बर्फात तिला वर पाठवू का?"

सुनेत्राला खोटं बोलायचीही गरज नव्हती. लायसन्स मिळून आठच महिने झालेत, बर्फात तिनं एकदाही चालवलेली नाही, एवढं अक्षर न् अक्षर खरं सांगून ती थांबली असती, तर पेनाचं टोपण परत लागलं असतं. वरदानंही खरंच तर सांगितलं होतं.

"बर्फात अजून कधी चालवलेली नाही तिनं," सुनेत्रा म्हणाली. पॉलीननं पेन उचलून धरलं. फाटकात उभा असलेला विल्फ सुनेत्राला दिसत होता. त्याच्याकडे कुणीतरी धड पोचायला हवं होतं. "पण चालवेल. चढाला घाबरत नाही, आणि ब्रेक उगाच दाबत नाही. माझ्यापेक्षा बरी आहे."

सही झाली. खरं बोलल्याचं समाधान वाटतं म्हणतात, ते काही तिला वाटलं नाही. खिसा कापला गेल्यावर वर चोराला रस्ता दाखवून आल्यासारखं वाटलं.

बाहेर पार्किंगमध्ये वरदा थांबली होती, कोटाची बाही हातात चुरगाळत. डोळे सुजलेले होते, म्हणजे तीही रडली होती. सुनेत्राला ते बघवलं नाही आणि बघायचंही नव्हतं. पॉलीन काय म्हणाली ते वरदानं विचारलं. तुला मिळाली, असं सुनेत्रानं सांगितलं. विल्फला डाव्या कानानं ऐकू येत नाही, त्याच्या उजवीकडे बसायचं, आणि दहाच्या आत खालच्या रस्त्यानं जायचं नाही, तिथं ऊन उशिरा पोचतं. बाकीचं लिहून देईन.

"ताई, ऐक ना—"

"वरदा, कामावर मला सुनेत्राच म्हण. इथं सगळे म्हणतात."

वरदानं मान हलवली, ओठ ओले केले. सुनेत्रा किल्ली हातात धरून उभी राहिली. काय ऐकायचं होतं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. पण 'नुसत्या नावानं नाही जमत गं,' एवढं जरी ऐकू आलं असतं, तरी ती थांबली असती.

"थँक यू, सुनेत्रा," वरदा म्हणाली.

जमलं तिला.