अक्रोडाच्या तीन मुठी

घरी विमान बांधणाऱ्या माणसाला वेडा म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही. विमान गॅरेजमध्ये आणि मोटार बाहेर बर्फात, हे दृश्य विस्कॉन्सिनात कुणी पाहिलं तर तो शेजारधर्म म्हणून एवढंच विचारतो, की पंख दारातून बाहेर निघतील ना? ऑरिन स्टाल्हाइमचे निघाले. त्यासाठी दाराची चौकट काढावी लागली आणि चौकटीबरोबर थोडी भिंतही आली, पण पंखांना ओरखडा नाही. त्याची बायको लव्हॉन भिंतीबद्दल चकार शब्द बोलली नाही. तिनं त्या भगदाडावर ताडपत्री ठोकली आणि हिवाळाभर ऑरिनला तिथंच, वाऱ्याच्या तोंडाशी, कॉफी दिली.

विमान धावपट्टीजवळच्या शेडमध्ये आलं तेव्हा उरलं होतं ते एकच काम. वैमानिकापुढच्या फळीवर इंजिनाच्या दांड्या कुठं लावायच्या, हे ठरवणं. दांड्या तीनच. पहिली थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारी. दुसरी गरम हवेची. विमान उतरायला लागलं की इंजिनाच्या घशात बर्फ धरतो, तो धरू नये म्हणून ती ओढायची. तिसरी पेट्रोल-हवेच्या मिश्रणाची. ती पूर्ण ओढली की इंजिन बंद. जमिनीवर हे सोयीचं असतं. हवेत तितकंसं नसतं.

ऑरिननं रीतीप्रमाणे सुरुवात केली. स्वयंपाकघरातली खुर्ची, तिच्यासमोर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर बिअरच्या बाटल्यांची तीन झाकणं. खुर्चीत बसून तो तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचा आणि झाकणं इकडची तिकडे करायचा. आमचा विमानवाल्यांचा क्लब हे पाहायला जमायचा आणि प्रत्येक जण मत द्यायचा. सर्वांत पक्की मतं क्लीटस बुडनिकची. त्याच्या स्वतःच्या विमानाची गेली कित्येक वर्षं नुसती शेपटीच तयार आहे, त्यामुळे दुसऱ्यांच्या विमानांसाठी त्याच्याकडे सवड असते.

एवढी मतं ऐकल्यावर माणूस जे करतो तेच ऑरिननं केलं. कुणाचंच ऐकलं नाही. दांड्यांबरोबर आलेल्या काळ्या, पांढऱ्या, लाल प्लॅस्टिकच्या मुठी त्याला खेळण्यातल्या वाटल्या. त्याच्या वडिलांच्या गोठ्यामागचा अक्रोड वादळात पडला होता. त्याच्या लाकडातून ऑरिननं लेथवर तीन मुठी कातल्या, तेल पाजून चकचकीत केल्या आणि फळीवर एका ओळीत, एकसारख्या अंतरावर बसवल्या. तिन्ही इतक्या हुबेहूब, की जुळ्यांच्या आईलाही ओळखू आल्या नसत्या.

आमच्याकडे कुणाच्या कामाला तोंडावर वाईट म्हणत नाहीत. फारच झालं तर ‘वेगळंच आहे’ म्हणायचं आणि हवापाण्यावर घसरायचं. क्लबातला एकेक जण आला, वाकून फळी पाहिली, ‘वेगळंच आहे’ म्हणाला आणि यंदा थंडी लवकर पडणार असं सांगून निघून गेला. मीही गेलो. मग आम्ही आपापल्या घरी जाऊन बायकांना सांगितलं, की हा मरणार. बायकांनी रविवारी चर्चमध्ये लव्हॉनला गाठून सांगितलं, की ऑरिनचं काम अगदी वेगळंच झालंय म्हणे. इतक्या कौतुकानं ऑरिन हुरळून गेला.

स्पष्ट बोलली ती फक्त लव्हॉन. लग्नाआधीपासून ती विमान चालवते. आजही दर आठवड्याला क्लबाचं जुनं विमान घेऊन पलीकडच्या धावपट्टीवरच्या हॉटेलात ॲपल पाय खायला जाते. मिश्रणाची मूठ लाल असू दे आणि बाकीच्यांपासून लांब असू दे, असं तिनं सांगितलं. ऑरिन म्हणाला, ‘दांड्या मी लावल्यात. माझ्या हाताला ठाऊक आहे.’

त्याला घाई होती आणि त्या घाईचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरनं त्याचं हृदय तपासून सांगितलं होतं, की ऑक्टोबर संपेपर्यंत उडून घे, वैमानिकाच्या पुढच्या दाखल्यावर मी सही करणार नाही. स्वतः बांधलेलं विमान पहिल्यांदा स्वतः उडवायचं, यासाठीच तर माणूस भिंत पाडतो. आणि फळी बदलायची म्हणजे नवी भोकं, नव्या केबली, पुन्हा तपासनीस. ऑक्टोबर केव्हाच निघून गेला असता.

सप्टेंबरातल्या शनिवारी शेडमध्ये क्लबाची पॅनकेकची न्याहारी होती. ऑरिननं मर्ल टेशकडे पहिल्या उड्डाणाची परवानगी मागितली. मर्लनं उभं आयुष्य शेतांवर विमानातून फवारणी केली. त्याच्याकडे कसलाही हुद्दा नाही, पण त्यानं मान हलवल्याशिवाय आमच्याकडे कुणी उडत नाही. त्याची परीक्षा ठरलेली आहे. विमानात बसायचं, पट्टे आवळायचे, कानटोपी डोळ्यांवर ओढायची आणि तो जे सांगेल त्याला हात घालायचा.

ऑरिन बसला. आम्ही ताटल्या घेऊन भोवती उभे राहिलो.

‘उतरायला घेतलंयस,’ मर्ल म्हणाला. ‘गरम हवा दे.’

ऑरिननं ऐटीत हात टाकला आणि दांडी ओढली.

‘इंजिन बंद,’ मर्ल शांतपणे म्हणाला. ‘खाली माझ्या भावाचा मका आहे. जपून.’

ऑरिन म्हणाला की एकदा चालायचंच. दुसऱ्या खेपेला तो डावीकडून एकेक मूठ चाचपत गेला आणि गरम हवेपर्यंत पोचला. मर्लनं बरोबर आहे म्हणून सांगितलं, पण एव्हाना बर्फही पोचला असं सांगितलं. तिसऱ्या खेपेला पुन्हा मका.

ऑरिननं टोपी वर सरकवली. ‘खरं उडवताना माझे डोळे उघडे असतील, मर्ल.’

‘उतरताना डोळे धावपट्टीवर असतात. मुठींवर असले, तर आपण चर्चच्या तळघरात हॅम सँडविच खाऊ आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलू.’

आमच्याकडे मयतानंतरचं जेवण तिथंच असतं. यापेक्षा कडक बोलणं मी ऐकलेलं नाही. सगळ्यांनी ताटलीत डोळे घातले. क्लीटस वारा उत्तरेकडे वळल्याचं बोलला.

मग लव्हॉननं ऑरिनला खाली उतरवलं आणि स्वतः आत बसली. पट्टे आवळले, टोपी मागून घेतली, डोळ्यांवर ओढली आणि मर्लला विचारायला सांगितलं. मर्लनं गरम हवा मागितली. लव्हॉनचा हात क्षणभर घुटमळला, मग तिनं एक मूठ ओढली. मका.

‘मलाही कळत नाही,’ ती टोपीच्या आतूनच म्हणाली. ‘मुठी सुरेख झाल्यात, ऑरिन. तिन्ही सारख्याच सुरेख लागतात हाताला.’

तव्यावरचे पॅनकेक करपत होते, पण उलटायला कुणी जागचं हललं नाही. बायको चुकली म्हणून नवरे सुखावतात, असं मी माझ्या पुस्तकांत आयुष्यभर लिहीत आलो. ऑरिनचा चेहरा पाहून पुढच्या आवृत्तीत ते वाक्य गाळायचं ठरवलं.

‘ऑक्टोबरपर्यंत हे बदलून व्हायचं नाही,’ तो म्हणाला.

‘नाही व्हायचं,’ लव्हॉन म्हणाली.

‘म्हणजे पहिल्यांदा तूच उडवणार.’

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ऑरिन विमानाभोवती एक चक्कर मारून आला. पंखावर कुठं धूळ नव्हती, तरी बाहीनं पुसली. मग खिशातून पाना काढून पंखावर चढला, आत वाकला, मिश्रणाच्या दांडीवरची अक्रोडाची मूठ फिरवून काढली आणि मर्लच्या हातात दिली. मर्लला ती कुठं ठेवावी कळेना. त्यानं ती ताटलीत ठेवली.

‘टोपी काढू नकोस,’ ऑरिन बायकोला म्हणाला. ‘पट्टेही राहू देत. इंजिन बंद करायचंय असं समज आणि हात पुढे कर. कुठं जातो बघू.’

तिनं हात पुढे केला. तो बाकीच्या दोन मुठींपासून चांगला दूर, उजव्या कोपऱ्यात टेकला. ऑरिननं कानामागची पेन्सिल काढून तिच्या बोटाखाली खूण केली.

क्लीटस पुढे सरकला. ‘माझं मत विचारशील तर, ऑरिन...’

‘नाही विचारत.’

विस्कॉन्सिनात हे बंदुकीच्या बाराच्या जवळपास जातं. कुणीतरी तव्याखालचा गॅस बंद केला.

‘जरा आणखी खाली,’ लव्हॉन म्हणाली.

ऑरिननं अंगठा ओला करून खूण पुसली आणि जरा खाली केली.