तीन अधिकाऱ्यांसमोर सृष्टी

१९९६ साली वडूजजवळच्या एका वाडीतली सृष्टी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाची लेखी परीक्षा पास झाली. आता मुलाखत राहिली होती. साताऱ्यात तिला जीवशास्त्र शिकवणाऱ्या सुहासिनीबाईंनी तिला घरी बोलावलं आणि स्वयंपाकघरातच सराव सुरू केला.

"डॉक्टर का व्हायचंय?"

मानवतेची सेवा, समाजाचं ऋण, असं पाठ केलेलं सृष्टीनं इंग्रजीत म्हणून दाखवलं. बाई मेथी निवडत ऐकत होत्या.

"हे सगळेच म्हणतील. विचारलंय तेवढंच सांग. आधी उत्तर, मग कारण, मग गप्प बस. वाक्यं लहान ठेव, लहान वाक्यात तू अडखळत नाहीस. बरं, घरी काय करतात?"

"शेती."

"नुसती शेती?"

सृष्टी बाईंसमोरची मेथीची एक जुडी ओढून निवडायला लागली. आईवडील मेंढरं राखायचे. कॉलेजात त्यावरून मुली हसल्या होत्या, तेव्हापासून ती ते सांगायचं टाळायची. बाईंनी पुढचा प्रश्न घेतला.

पुण्यात टेबलापलीकडे तीन अधिकारी बसले होते. मधल्या कर्नलसाहेबांनी कुठल्याशा तापावरचं औषध विचारलं.

"माहीत नाही, सर."

ते वाट पाहत राहिले. तिनं अंदाज मारला नाही.

"तुला सीमेवर पाठवलं, महिनोन् महिने लांब, तर घरचे मुलीला सोडतील?"

'हो सर, नक्कीच' एवढंच म्हणून सुटता आलं असतं. तिनं श्वास घेतला.

"सोडतील, सर. आम्ही मेंढपाळ आहोत. दिवाळीनंतर आई कळपाबरोबर घाट उतरून कोकणात जाते, पावसाच्या तोंडाला परतते. माळावर पाल ठोकून राहते. लांब जाणं आमच्या घरात नवं नाही."

आणि ती थांबली.

"तिथं कुणी आजारी पडलं तर?" शेजारच्या बाई अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझा धाकटा भाऊ तापानं आजारी पडला होता. आई त्याला पाठीवर घेऊन दिवसभर चालली. दवाखान्यात डॉक्टर जागेवर होते, म्हणून तो वाचला. मला तसं जागेवर असायचंय, मॅडम."

कर्नलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. आता त्यांना काही विचारायचं नव्हतं.

वाडीत फोन नव्हता, म्हणून निवड झाल्याचा फोन सुहासिनीबाईंच्या घरी आला. बाईंनी सरळ वडूजची एसटी पकडली आणि विचारत विचारत वाडी गाठली. सृष्टीची आई भामाबाई नुकतीच कळप घेऊन परतली होती.

"काय इचारलं गं त्येंनी?" तिनं लेकीला विचारलं.

सृष्टीनं सगळं सांगितलं, पाल, घाट, भावाचा ताप.

"सायबांफुडं आपली मेंढरं सांगितलीस व्हय?"

"व्हय."

भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं, मग बांधावर जाऊन पलीकडच्या रानातल्या जोतीरामला हाक मारली. "आवं, आमची पोरगी मिल्ट्रीत डागदर हुनार हाय."

पाहता पाहता सगळी वाडी जमली. त्या संध्याकाळी कुणी बाईंना साताऱ्याची गाडी पकडू दिली नाही.