टोकोफर्सोलानचा उतारा

"तोंड धव, गजरा! आत्तेना आत्ते धव!"

दोधू आबा ओट्यावर उभे राहून ओरडत होते. एका हातात क्रीमची ट्यूब, दुसऱ्या हातात भिंग. म्हसावदच्या कृषी सेवा केंद्रात एकतीस वर्षं त्यांनी कीटकनाशकं विकली होती. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती काही द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. ट्यूबवर त्यांना एक नाव सापडलं होतं : टोकोफर्सोलान.

"एन्डोसल्फानना भाऊ शे हाऊ! आन् जहरना तिरकोन बी छापेल नही. लाल शे का पिवळा, काय समजस?"

"आबा, तोंडले लावानं क्रीम शे ते," सून रंजिता म्हणाली. "कपाशीवर फवारानं नही."

"तुले काय माहीत?"

क्रीम रंजितानंच सासूला दिलं होतं. गजराबाई आठ दिवसांपासून ते गुपचूप लावत होती, बासष्टाव्या वर्षी, पहिल्यांदाच. कालच शेजारच्या रुखमाबाईनं तिचा उजळलेला चेहरा पाहून विचारलं होतं, "काय व, माहेर जाई उनी का?" तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आता ती मुकाट्यानं मोरीत गेली आणि कपड्याच्या साबणानं दोनदा तोंड खसाखसा धुऊन आली.

आबा ट्यूब घेऊन थेट नवलच्या मेडिकलमध्ये गेले. भर गर्दीत त्यांनी विचारलं, "याना उतारा काय?"

नवलनं मोबाइलवर शोधलं आणि हसू दाबलं. "आबा, इटामिन ई पासून बनाडेल शे हाई. तेल आन् पाणी येकजीव करस, क्रीम लवकर खराब व्हऊ देत नही. जहर नही शे."

सगळं दुकान खो खो हसलं.

घरी येऊन आबा खाकरले. "चांगलं शे ते. लाव."

गजराबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "माले नही लावनं. तुम्हीच लावा."

आबांनी खरंच लावलं. औषधाचं माप त्यांना तोंडपाठ होतं, क्रीमचं नव्हतं. अर्धी ट्यूब पिळली. भुवयांसकट सगळा चेहरा चुना फासल्यासारखा झाला.

"दख. काही व्हयनं का माले?"

रंजिता पदर तोंडाला लावून आत पळाली. गजराबाईनं सूप खाली ठेवलं. उठली, जवळ आली, आणि दिवसाउजेडी, ओट्यावर, रस्त्यावरून माणसं जात-येत असताना, दोन बोटांनी नवऱ्याच्या गालावरचं जादा क्रीम निपटून आपल्या गालांना लावलं.

आबा डोळे मिटून उभे राहिले.

"हालू नका," ती म्हणाली. "आजून शे."