सरळ डोळ्याचा फोटो

बंदेनवाजच्या स्टुडिओत तिरळी मुलगी आत जाते, पण बाहेर येत नाही. म्हणजे मुलगी तिरळीच बाहेर येते, फोटो सरळ येतो. स्थळाला द्यायच्या फोटोत डोळा सरळ करून देण्यात ह्या माणसाचा हात सोलापूर जिल्ह्यात कुणी धरणार नाही. मोहोळपासून मैंदर्गीपर्यंतचे बाप पोरींना घेऊन त्याच्याकडे येतात. "डॉक्टर लोग काटते, मैं सिर्फ सरकाता," असं तो म्हणतो. ह्यात कुणाला काही गैर वाटत नाही. फसवणूक वाटते ती फक्त मुलाकडच्यांना, आणि तीही त्यांची स्वतःची मुलगी उजवून झाल्यावर.

माझी भाची राजेश्वरी तिरळी नव्हती. ह्याला साक्षीदार मी. माझी बहीण दुधनीला असते; तिची ही मुलगी तीन वर्षं सोलापुरात माझ्या घरी राहून बी.कॉम. झाली. मी विनोद केला की ती न हसता माझ्याकडे रोखून बघायची. असं रोखून बघायला दोन्ही डोळे एका रेषेत लागतात.

तिचं लग्न मैंदर्गीच्या नंदीशशी झालं. तुरीचा व्यापार, आई नागव्वा, आणि आईचा शब्द. बघायला आले तेव्हा मुलीनं मान खाली घालायची असते, तशी तिनं घातली. लग्नात डोळ्यांवर मुंडावळ्या होत्या. सासरी गेल्यावर चार महिने सुनेनं नजर वर केली नाही, ह्याचं नागव्वांनी गावभर कौतुक केलं. ह्या सगळ्या काळात राजेश्वरीनं डोळे उचलून पाहिलं ते एकाच माणसाकडे. बंदेनवाजकडे. कारण तो मांडवात ओरडला होता, "मुंडावळ्या बाजू करो, बेटी, इधर देखो."

मग तिचं डोकं दुखायला लागलं. झाडायला वाकली की डोळ्यांपुढं क्षणभर अंधार. आणि एका सकाळी उजवा डोळा नाकाकडे घसरला तो तिथंच राहिला, आणि सगळं दोन-दोन दिसायला लागलं. तिला दोन नागव्वा दिसायला लागल्या. दुसरी कुणी असती तर तेवढ्यानंच आंधळी झाली असती.

नागव्वांनी आधी काय केलं, तर लग्नाचा अल्बम काढला. फोटोत डोळा सरळ. घरात डोळा वाकडा. त्यांनी बंदेनवाजला फोन लावला.

"काय रं, आमच्या सुनंचा डोळा तूच नीट केलतास न्हवं?"

बंदेनवाजला कोणती सून, कोणतं लग्न, काही आठवत नव्हतं. पण कारागिराला कामाचं श्रेय कुणी आयतं देत असेल तर तो नको म्हणत नाही. "हां अव्वा, मेराच काम है. कितना नॅचरल आया ना?"

झालं. मुलगी जन्मापासून तिरळी, दुधनीकरांनी फसवलं, असा निकाल लागला. आता हे डॉक्टरच्या तोंडून हवं होतं. म्हणजे मुलीला माहेरी पाठवताना हात स्वच्छ.

आणि नेमका तसा डॉक्टर सोलापुरात होता.

शहरातल्या एका बड्या नेत्र रुग्णालयात डॉ. विरुपाक्ष ह्यांचं संशोधन चालू होतं. विषय तिरळेपणा आणि डोळ्यामागच्या नसेचे आजार. जन्मजात तिरळे असलेल्या मोठ्या माणसांची शस्त्रक्रिया फुकट. शंकराचं जे नाव विषम डोळ्यांवरून पडलं, ते नाव घेऊन माणूस ह्याच विषयात पडला, हा देवाचा विनोद असावा. देवाचे विनोद माझ्यासारखेच असतात, कुणी हसत नाही.

नागव्वा आणि नंदीश राजेश्वरीला घेऊन तिथं आले, तिनं मला फोन केला. मी पोचलो तेव्हा तिघं डॉक्टरांसमोर बसले होते आणि डॉक्टर जेवत होते. टेबलावर कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि समोरच्या पडद्यावर कुणाच्या तरी डोळ्याचा स्नायू चिमट्यात धरून कापण्याचं चित्रण. ते पडद्याकडे बघत भाकरी मोडत होते. दोन्हींचा आवाज मला सारखाच वाटला.

"कधीपासून आहे डोळा असा?" त्यांनी विचारलं. राजेश्वरीला नव्हे, नागव्वांना.

"जल्मापासनं की."

"तीन आठवडे झाले," राजेश्वरी म्हणाली. "आणि मला दोन दोन दिसतंय, डॉक्टर. डोकं लई दुखतंय."

"नाटकं हायत," नागव्वा म्हणाल्या. "पकडलं गेल्यावर सगळ्यांचं डोकं दुखतंय."

डॉक्टर खूश होऊन हसले आणि बोटाला लागलेली चटणी चाटून त्याच हातानं त्यांनी राजेश्वरीची हनुवटी वर केली. "छान आहे. अगदी स्वच्छ केस. जन्मजात."

"मी हिला जन्मापासून ओळखतो," मी म्हणालो. "हिचे डोळे सरळ होते."

"तुम्ही मामा ना? मामा लोकांना भाचीचं सगळं सरळच दिसतं." ह्यावर नागव्वा हसल्या, नंदीश हसला, दारातला शिपाई हसला. माझ्या विनोदांना असं गिऱ्हाईक कधी मिळालं नाही. "गुरुवारी घेऊ ऑपरेशनला. हिच्या डोळ्यांचा एक फोटो काढा, आणि ड्रॉप्स टाकून डोळ्यातला पडदा बघून घ्या कुणीतरी."

पडदा बघितला तो डॉ. प्रियंकानं. ही विरुपाक्षांच्या हाताखाली शिकणारी मुलगी. तासाभरानं तिनं मला लिफ्टजवळ गाठलं. बोलताना ती माझ्याकडे न बघता लिफ्टच्या दाराकडे बघत होती.

"काका, तिच्या दोन्ही डोळ्यांमागची नस सुजलीय. डोक्यातला दाब वाढला की अशी सुजते. त्याच दाबानं डोळा बाहेर वळवणारी नस ढेपाळते, म्हणून डोळा नाकाकडे आलाय. आणि जन्मजात तिरळ्या माणसाला सहसा दोन दिसत नाहीत. मेंदू लहानपणीच एक चित्र बाजूला टाकतो."

"हे तुमच्या सरांना माहीत नाही?"

"सरांनीच शिकवलंय."

तीच पुढं म्हणाली, "मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, नसेच्या गटातली माणसं भरली, तिरळ्यांच्या गटात कमी पडतायत. एक पेशंट दोन्हीकडे धरता येत नाही. पुढच्या महिन्यात परिषद आहे."

"आणि हिला उशीर झाला तर?"

"नजर जाईल. कडेकडनं जाते, म्हणून कळत नाही. डोळा सरळ करून घेतील आणि तो सरळ डोळा आंधळा होईल. आजच्या आज डोक्याचा स्कॅन करा. मी सांगितलं म्हणून सांगू नका." लिफ्ट आली. ती आत गेली. लिफ्टच्या आत लिहिलं होतं, 'दृष्टिदान श्रेष्ठदान'.

नंदीश जिन्यात मोबाइल बघत उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"आई म्हणतीय जल्मापासनं हाय," तो म्हणाला. "फोटो खरा निघाला तर मी सोता स्कॅनला नेतो की, मामा."

"अहो, चार महिने तुम्ही बघितलंय तिला."

"तसं नीट न्हाय बघितलं."

मला ओकारी आली. पण जिन्याच्या कोपऱ्यात मावा थुंकून लोकांनी आधीच जागा अडवली होती.

राजेश्वरी बाकावर बसली होती, थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, एक डोळा हातानं झाकून. तशी बसली की एकच जग दिसतं म्हणे. मी म्हणालो, "ऊठ, आपण दुसरीकडे जाऊ."

"असंच उठून गेले तर म्हणतील, खोटं पकडलं म्हणून पळाली." मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "मामा, माझा डोळा आधी सरळच होता न?"

तेव्हा मला खरी किळस आली. चार माणसांनी तीन आठवड्यांत एका पदवीधर मुलीला स्वतःच्या डोळ्याबद्दल शंका घ्यायला लावली होती.

मी रिक्षा करून बंदेनवाजकडे गेलो. तो एका नवरदेवाचं टक्कल भरत होता.

"नवाजभाई, माझ्या भाचीच्या डोळ्याला तू हात लावला होतास?"

"लगायाच होगा, सर. सबको लगाता मैं."

"मूळ फोटो दाखव."

त्याचा चेहरा पडला. मूळ फोटो दाखवणं म्हणजे हलवायानं भटारखाना दाखवणं. "ओरिजिनल नक्को, सर. किसी का भी नक्को. धंद्याचा उसूल हाय."

"तिची नजर चाललीय. तू हो म्हणालास म्हणून कुणी तिला डॉक्टरकडे नेत नाही."

"मैं? मैं कायकू?" पण तो कॉम्प्युटरकडे वळला. मांडवातले फोटो निघाले. अक्षता, जेवणावळी, रुसलेले जावई. मग राजेश्वरी. एका हातानं मुंडावळी बाजूला सारलेली, आणि दोन्ही डोळे कॅमेऱ्यात रोखलेले, सरळ, आमच्या घरी माझ्या विनोदांनंतर असायचे तसे. बंदेनवाजनं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मग अल्बममधला शेजारी ठेवला. बराच वेळ तो दोन्हींकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला न केलेल्या कामाची लाज वाटत होती.

"डोळ्याला हात न्हाय लावला मी," तो म्हणाला. "गाल गोरे केले फकस्त."

"हे नागव्वांसमोर सांगशील?"

"फिर मेरे फोटो पे कौन भरोसा करेगा, सर?" असं म्हणतच त्यानं टक्कल अर्धवट सोडलं, फोटोचा प्रिंट काढला आणि चपला शोधायला लागला.

डॉक्टरांच्या खोलीत तो नागव्वांसमोर उभा राहिला. "अव्वा, मैं झूट बोला. मला याद नव्हतं, तुमी तारीफ केली तर हो बोललो. ये ओरिजिनल है. पोरीचा डोळा सरळच होता."

"पैशे घेतलं व्हय रं मामाकडनं?"

"रिक्षाचं भाडं बी मीच दिलंय," बंदेनवाज म्हणाला. ते खरं होतं. गडबडीत मी विसरलो होतो.

डॉ. विरुपाक्षांनी फोटो हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. आता हा माणूस दचकेल, फोन उचलेल, निदान खुर्चीतून उठेल अशी माझी अपेक्षा होती. मी मास्तर आहे, अपेक्षा ठेवण्याची सवय जात नाही.

"मग ही आमच्या कामाची नाही," ते म्हणाले. "गुरुवारचं रद्द. फोटो राहू द्या इथं. पुढचा पेशंट."

"मग आता हिचं काय करायचं?" नागव्वांनी विचारलं. आयुष्यातला एकमेव योग्य प्रश्न त्यांनी तेवढा विचारला, पण उत्तरासाठी थांबल्या नाहीत. मैंदर्गीची एसटी सुटणार होती. फोटो खरा निघाला तर स्वतः नेतो म्हणणारा नंदीश त्यांची पिशवी धरून मागोमाग गेला.

राजेश्वरीला मी आणि बंदेनवाजनं नेलं. दुसऱ्या दवाखान्यात स्कॅन झाला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, ते दाबानं उडालं. गाठ वगैरे काही नव्हती, नुसता दाब. गोळ्या सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरनं तिची नजर दोनदा मोजली. उजव्या डोळ्याची नाकाकडची खालची कड गेली होती, ती गेलीच. बाकीची वाचली.

"एवढा वेळ कुठं घालवला तुम्ही?" तो चिडून म्हणाला.

"संशोधनात," मी म्हणालो.

दाब उतरला तसा डोळा आपोआप जागेवर सरकत गेला. ना कुणी कापला, ना कुणी कॉम्प्युटरवर सरकवला. माझ्याकडे ती पुन्हा रोखून बघायला लागली. जिना उतरताना मात्र मान जरा वळवते.

दोनेक महिन्यांनी बंदेनवाजचा फोन आला. फार संतापलेला होता. "सर, सात रस्त्यावर जाऊन बघा. फोटो मेरा, और नीचे नाव कुठंच न्हाय!"

राजेश्वरी तेव्हा माझ्याकडेच राहत होती, तिला घेऊन मी गेलो. चौकात एका वाढदिवसाच्या आणि एका पुण्यस्मरणाच्या मध्ये रुग्णालयाचा फ्लेक्स लागला होता. शाल-श्रीफळ घेतलेले डॉ. विरुपाक्ष, परिषदेत पहिलं पारितोषिक मिळाल्याबद्दल अभिनंदन. खाली 'जन्मजात तिरळेपणावर मात'. त्याखाली दोन डोळ्यांच्या दोन पट्ट्या, प्रत्येक पट्टी बैलगाडीएवढी रुंद. डावीकडे शस्त्रक्रियेपूर्वी. उजवीकडे शस्त्रक्रियेनंतर.

"हे तुझे डोळे आहेत," मी म्हणालो. मला एवढंच कळलं होतं.

तिनं डावा डोळा हातानं झाकून पाहिलं. मग उजवा झाकून पाहिलं. मग दोन्ही उघडे ठेवून.

"मामा, उजवीकडच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात मोती आहेत. मुंडावळीचे."

मी चष्मा पुसला. होते. कापणाऱ्यानं घाईत कापलं होतं. डोळ्याच्या वर चार मोती लोंबत होते. म्हणजे डॉक्टरसाहेब शस्त्रक्रियेनंतर पेशंटला मुंडावळ्या बांधतात. तिची बाजू खरी ठरवणारा लग्नातला फोटो मीच रिक्षानं त्यांच्या हातात नेऊन दिला होता, आणि त्यांनी तो न केलेल्या ऑपरेशनच्या नावावर लावला होता. बंदेनवाज गाल तरी गोरे करतो.

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर नंदीशचा निरोप आला. तिनं वाचला आणि मला दाखवला. 'आईनं सोलापुरात बोर्ड बघितला. डोळा सरळ झालाय म्हणती. सोमवारी न्यायला येऊ का?'

मी काही सांगायच्या आत ती दोन पावलं मागं सरकली, फोन वर धरला, आणि उजवीकडच्या पट्टीचा फोटो काढला. नीट, मोत्यांसकट. तो नंदीशला पाठवला आणि खाली लिहिलं, 'ही सरळ आहे. हिलाच घेऊन जा.'