खुडूक भिंगरी

विक्रोळी पार्कसाइटच्या चाळीत कोंबड्यांचं काही अडलं की लोक रुक्मिणीबाईंकडे येत. खोलीमागे, टेकडीच्या संरक्षक भिंतीला लागून त्यांचं चार हातांचं परसू होतं. तिथल्या पाच कोंबड्या म्हणजे सासूबाईंनी कणकवलीहून डालग्यातून आणलेलं खास गावठी वाण. त्याचा बाईंना भारी तोरा. फक्त भिंगरीचं नाव निघालं की त्या कपाळाला हात लावत.

भिंगरीची अंडी म्हणजे एकेक नमुना. कधी सुरकुतलेलं, कधी बोराएवढं आणि आत बलकच नाही, तर कधी कवचाशिवाय नुसत्या पापुद्र्यात लोंबणारं. "येत्या रविवारी हिला कापून सागोती," असं बाईंनी जाहीरच करून टाकलं होतं.

तेवढ्यात सोमवारी भिंगरी खुडूक झाली, उबवायला बसली. तेही आपल्याच एका पापुद्र्याच्या अंड्यावर! खुडूक मोडायला बाईंनी तिला दोनदा बादलीत बुडवून काढलं. बया ओलीचिंब होऊन परत टोपलीत हजर.

बुधवारी गल्लीत शाळेच्या व्हॅनखाली बाईंचा एकुलता कोंबडा चिरडला आणि बाईंचा तोरा उतरला. परसात दुसरा नर नव्हता, आणि बाहेरचा आणला तर सासूबाईंचं वाण गेलं. फडताळात त्या आठवड्याची सात अंडी होती, पिल्लं निघतील अशी तीच काय ती शेवटची. भिंगरीखेरीज दुसरी कुणी खुडूकही नव्हती. गुरुवारी बाईंनी पापुद्र्याचं अंडं फेकलं, सातांवर कोळशाने खुणा केल्या आणि नाइलाजाने ती तिच्यापुढे ठेवली. तिने एकेक चोचीने पोटाखाली ओढून घेतलं. सून समीक्षाने हौसेने फोटो काढला.

पुढच्याच आठवड्यात भिंतीचं काम निघालं. ड्रिलच्या आवाजाने बाकीच्या चौघी छपरावर चढल्या. भिंगरी मात्र जागची हलली नाही.

"गुणाची निघाली गो," बाई न राहवून म्हणाल्या.

एकोणिसाव्या दिवशी त्यांनी सासूबाईंच्या रीतीने थाळीत कोमट पाणी घेतलं. जिवंत पिल्लाचं अंडं त्यात आपोआप डुलतं. बाईंनी सातही अंडी सोडून पाहिली. एकही डुललं नाही. त्यांनी ती गोणपाटावर काढून ठेवली.

"संपला सगळा, समीक्षा." त्यांना रडूच आलं.

अंडी फेकून द्यायला त्यांनी हात घातला, तशी भिंगरी फुगून धावली. रक्त येईपर्यंत हाताला चोची मारल्या आणि तिथेच, गोणपाटावरच, सगळी अंडी पोटाखाली घेऊन बसली.

"मर थंयच बसान!" बाई ओरडल्या.

पिल्लं निघायचा एकविसावा दिवस कोरडा गेला. बावीस, तेवीस. भिंगरी दिवसातून एकदाच उठायची, चार कण्या टिपायची, परत जागेवर. तुरा पार फिका पडला. सागोतीचं बाईंच्या मनातही येईना. आपण एका थाळीभर पाण्यावर आशा सोडली आणि ही मात्र अजून धरून बसलीय, असं वाटून त्या तिच्यापुढे ताज्या कण्या ठेवत राहिल्या.

चोविसाव्या सकाळी गोणपाटावरून चिवचिव ऐकू आली. दुपारपर्यंत सहा पिल्लं.

"चोवीस दिवस! असा कधी ऐकूक नाय."

समीक्षाने मोबाइल पुढे केला. "आई, फोटोची तारीख बघा ना. ती सोमवारी बसली, पण अंडी तुम्ही गुरुवारी ठेवलीत. आज बरोबर एकवीस झाले."

बाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. गावी कोंबडी अंड्यांवरच खुडूक बसते, म्हणून बसल्या दिवसापासून मोजायची रीत. इथे मधले तीन दिवस तर त्या भिंगरीला बादलीत बुचकळत होत्या. पाण्यात सोडली तेव्हा पिल्लं डुलण्याएवढी वाढलीच नव्हती.

तेवढ्यात शेजारची अबोली दारात आली. "आजी, आमची कोंबडी बसलीय. अंडी पाण्यात कितव्या दिवशी सोडू?"

रुक्मिणीबाईंनी टोचलेल्या हाताने भिंगरीपुढे मूठभर कण्या पसरल्या.

"माका नको इचारू गो," त्या म्हणाल्या. "तिका इचार."